परिषदेत ग्रामसभेची खुर्ची कुठे आहे?

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
भारतीय वन व काष्ठ प्रमाणन परिषद



डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालयाने वन आणि लाकूड प्रमाणनाची भारतीय योजना जाहीर केली. त्या पत्रकात तुमच्या परिषदेत कोण असेल याची यादी होती. भारतीय वानिकी संशोधन व शिक्षण परिषद, भारतीय वन सर्वेक्षण, भारतीय गुणवत्ता परिषद, भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था, कृषी आणि वाणिज्य मंत्रालयांचे प्रतिनिधी, राज्यांची वनखाती, वन विकास महामंडळं आणि लाकूड उद्योगाचे प्रतिनिधी. या यादीत ग्रामसभा नाही. कास्तकार नाही, सुतार नाही, बुरूड नाही. आदिवासी कार्य मंत्रालयाचंही नाव नाही.

हे पत्र त्या न दिलेल्या खुर्चीबद्दल आहे.

मी सिंदी मेघेत फर्निचरचं छोटं वर्कशॉप चालवतो. वर्धा शहर कुठे संपलं आणि सिंदी कुठे सुरू झाली हे रस्त्याने जाणाऱ्याला कळत नाही, इतकं आमचं गाव शहराला चिकटलं आहे. शेतांचे प्लॉट पडले, प्लॉटवर घरं उभी राहिली, घरांना दारं-चौकटी लागल्या आणि त्यावर आमच्यासारख्यांचं पोट चाललं. गिऱ्हाईक आलं की आम्ही सागवानाचे तीन भाव सांगतो. पहिला डेपोचा, म्हणजे बल्लारशा-आलापल्लीकडचा, सरकारी लिलावातला माल. दुसरा मालकीचा, कास्तकाराच्या धुऱ्यावरचा. तिसरा घाना. आफ्रिकेतल्या त्या देशातून लागवडीचा सागवान येतो, इक्वेडोर आणि पनामाहूनही येतो. दुकानात मात्र सगळ्याला सर्रास घानाच म्हणतात. कोवळं लाकूड, पांढरा भाग जास्त, गाठी जास्त, पण भाव बरा आणि माल हवा तेव्हा मिळतो. मुंबईच्या लाकूडबाजारात 'सी.पी. टीक' म्हटलं की अजून भाव चढतो. ते सी.पी. म्हणजे जुना मध्य प्रांत, म्हणजे आमचाच मुलूख. त्या मुलखात आज नव्या घरांची दारं घानाच्या लाकडाची होतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

गिऱ्हाईक विचारतं ते एवढंच: वाळवी लागेल का, पावसाळ्यात फुगेल का, कितीला पडेल. लाकूड कोणत्या जंगलातलं, ते तोडल्यावर तिथे काय उरलं, हे कुणी विचारत नाही. अलीकडे नागपूर-पुण्याच्या आर्किटेक्टांकडून 'सर्टिफाइड आहे का' असा प्रश्न येऊ लागला आहे, कारण हरित इमारतीचं मानांकन मिळवताना अशा लाकडाचे गुण मिळतात. म्हणजे प्रश्न आला तोसुद्धा गुणांसाठी. असो, आला हे चांगलं.

हाच प्रश्न आमच्या वर्ध्यात फार पूर्वी विचारून झाला आहे. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचं काम मगनवाडीतून चालायचं आणि ते सांभाळायचे जे. सी. कुमारप्पा. गिऱ्हाइकाची जबाबदारी समजावताना त्यांनी कोकोच्या डब्याचं उदाहरण घेतलं होतं. कोको आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सक्तीच्या मजुरीतून पिकलेला असेल, आरमाराच्या बळावर राखलेल्या समुद्रमार्गाने आला असेल, विलायतेत पिळलेल्या मजुरांच्या हातून डब्यात भरला गेला असेल, तर डबा विकत घेणारा त्या सगळ्या साखळीत सामील आहे, असा त्यांचा मुद्दा होता. आणि त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष अगदी रोखठोक: जिथवर आपली नजर पोचते आणि आपल्याला जाब विचारता येतो, तिथलाच माल घ्या.

युरोपीय संघाने २०२३ मध्ये जंगलतोडीविरुद्ध कायदा केला. त्यात सात वस्तू आहेत: गुरं, कोको, कॉफी, पाम तेल, रबर, सोयाबीन आणि लाकूड. कुमारप्पांचा कोको तिथे दुसऱ्या क्रमांकावर बसला आहे. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून मोकळ्या केलेल्या जमिनीवरचा माल युरोपात विकता येणार नाही, आणि माल ज्या तुकड्यातून आला त्याचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतील, असा तो कायदा. अंमल पुन्हा पुन्हा पुढे ढकलला गेला, पण दिशा कळली. कुमारप्पांनी बाजार नजरेच्या टप्प्यात आणायला सांगितलं होतं. युरोपने बाजार होता तिथेच ठेवला आणि नजरेच्या जागी कागद मागितला. माझं मत विचाराल तर मला दोन्ही हवं आहे. सिंदीच्या दारासाठी धुऱ्यावरचं सागवान, आणि जे लाकूड लांब जाणारच आहे त्याला खरा कागद. फक्त तो कागद कोण लिहितो, हे बघितलं पाहिजे.

जगात याची सुरुवात कशी झाली हे तुम्हाला माहीत आहे. पत्र जाहीर असल्यामुळे वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. १९८०च्या दशकात उष्ण कटिबंधातल्या जंगलांची बेसुमार तोड पाहून पाश्चात्त्य देशांत तिथल्या लाकडावर बहिष्काराच्या चळवळी झाल्या. १९९२ च्या रिओ परिषदेत जंगलांविषयी बंधनकारक करार होऊ शकला नाही. सरकारांकडून निराश झालेल्या पर्यावरण संस्था, काही व्यापारी आणि आदिवासी संघटना १९९३ मध्ये टोरांटोत जमल्या आणि फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल, म्हणजे एफएससी, या प्रमाणन संस्थेचा जन्म झाला. १९९९ मध्ये युरोपातल्या लहान-मोठ्या जंगलमालकांनी, एफएससीचे नियम आम्हाला झेपत नाहीत म्हणत, पीईएफसी ही आपली वेगळी प्रमाणन योजना काढली. आज एफएससीखाली साधारण सोळा कोटी हेक्टर जंगल आहे आणि पीईएफसीखाली त्याहून बरंच जास्त. यातलं बहुतेक युरोप आणि उत्तर अमेरिकेत. ज्या जंगलांसाठी हा खटाटोप सुरू झाला, त्या उष्ण कटिबंधाचा वाटा अजून लहान आहे. ज्यांची दप्तरं आधीपासून नीट होती त्यांना शिक्का लवकर मिळाला, एवढाच याचा अर्थ. ग्रीनपीस एफएससीच्या संस्थापक सदस्यांपैकी. तीही २०१८ मध्ये बाहेर पडली.

आपल्याकडे उत्तर प्रदेश वन महामंडळाच्या ४१ विभागांनी पीईएफसीचं प्रमाणपत्र मिळवलं. बाकी देश जवळजवळ कोराच. म्हणून तुमची योजना आली याचं मी स्वागतच करतो. परदेशी शिक्क्याच्या जोडीला देशी शिक्का हवा होता. तिच्यात जंगलाबाहेरच्या झाडांसाठी वेगळं मानक आहे, ही तर फार शहाणपणाची गोष्ट. आपल्या आरा मशीनवर येणारं बहुतेक लाकूड शेतातलंच असतं.

आता गडचिरोली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला, पण बांबू विकता येईना. बांबू हे झाड आहे की गवत यावर वाद घालत वनखातं वाहतूक परवाना द्यायला तयार नव्हतं. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती देण्यात आलं. पुढच्याच वर्षी वनहक्क नियमांत दुरुस्ती झाली आणि असा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला. माझ्या धंद्यातल्या माणसाला याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. टीपी, म्हणजे हाच वाहतूक परवाना, नसलेलं लाकूड म्हणजे चोरीचं लाकूड, आणि टीपीवर सही कुणाची हाच या सगळ्या धंद्याचा गाभा.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव. २०१२ मध्ये त्यांना सुमारे हजार हेक्टरांवर हक्क मिळाला. त्यांनी गावात बसून नियम केले आणि बांबूचा व्यवहार स्वतःच्या हातात घेतला. आणि एक असा ठराव केला की ऐकून व्यापारी चक्रावले असतील: तेंदूपत्ता तोडायचा नाही. तेंदूचा हंगाम म्हणजे उन्हाळ्यातला रोख पैसा. पण चांगला पाला फुटावा म्हणून झाडं छाटली जातात, जंगलाला आगी लावल्या जातात, आणि फळं येत नाहीत. बांबूवर आमचं भागतं, मग हे नको, असं गावाने ठरवलं. जंगलाचा एक भाग त्यांनी कुणीच हात लावायचा नाही म्हणून राखून ठेवला.

तुमच्या वनव्यवस्थापन मानकात ८ निकष, ६९ निर्देशक आणि २५४ पडताळणीचे मुद्दे आहेत. जैवविविधता राखा, आगी टाळा, उपज टिकून राहील इतकीच काढा, स्थानिकांचे हक्क जपा. यातलं मोठं काम पाचगावने मानक येण्याच्या दहा वर्षं आधी ठराव करून केलं आहे. आगीमागचं कारण शोधून स्वतःचं उत्पन्न सोडून देणारा दुसरा वनव्यवस्थापक तुमच्या यादीतल्या कोणत्या संस्थेत आहे, हे मला जाणून घ्यायला आवडेल.

अडचण पुढे आहे. हे मानक राष्ट्रीय कार्य आयोजना संहिता २०२३ चा भाग आहे. ती संहिता वनखात्याच्या विभागांसाठी लिहिलेली, जिथे नकाशे काढायला माणसं आहेत, दप्तर सांभाळायला कारकून आहेत. ग्रामसभेचा आराखडा वनहक्क कायद्यातून येतो, आणि त्यासाठी आदिवासी कार्य मंत्रालयाने त्याच २०२३ साली, सप्टेंबरमध्ये, वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. एकच जंगल, एकच साल, दोन मंत्रालयं आणि दोन कागद. उद्या लेखापरीक्षक मेंढ्यात उतरला तर तो कोणता कागद मागणार? वनखात्याची कार्य आयोजनाच मागणार असेल, तर ज्या हजाराहून जास्त ग्रामसभांना एकट्या गडचिरोलीत सामूहिक हक्क मिळाले आहेत त्या तुमच्या योजनेच्या बाहेर राहिल्या, किंवा प्रमाणपत्रासाठी पुन्हा वनखात्याच्या दारात आल्या. परवान्याचं पुस्तक एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने परत घेण्यासारखं होईल हे.

मानक कागदावर कितीही चांगलं असलं तरी ते कुणाला विचारून केलं यावर बरंच अवलंबून असतं. याचं एक उदाहरण मला कधी विसरता आलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात, दांडेलीच्या कागद गिरणीला पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीपासून टनामागे दीड रुपया दराने बांबू मिळायचा. बुरूड बाजारात तोच बांबू कितीतरी पटींनी महाग घेत होते. थोड्याच वर्षांत बांबू संपत आला, आणि दोष गेला गावकऱ्यांवर आणि त्यांच्या गुरांवर. सत्तरच्या दशकात पुण्याचे माधव गाडगीळ आणि त्यांचे सहकारी याचा अभ्यास करायला गेले. वनखात्याच्या नियमानुसार बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांची जी जाळी वाढते ती साफ केली जायची. गिचमिड गेली की बांबू सरळ आणि जोमाने वाढेल, ही समजूत. गावकरी उलट सांगत होते. ती जाळीच कोंबांची राखण करते, ती काढली की गुरं आणि रानातली जनावरं कोवळे कोंब खाऊन टाकतात. गाडगीळांनी बेटं मोजली, कोंब मोजले, आणि गावकऱ्यांचं म्हणणं खरं निघालं.

त्या काळात तुमची योजना असती तर काय झालं असतं याचा विचार करा. बेटं साफ केली का, असा एक मुद्दा पडताळणीत असता. लेखापरीक्षकाने साफ केलेली बेटं पाहून पूर्ण गुण दिले असते. कागद गिरणीच्या वहीवर हिरवं पान छापलं गेलं असतं. बांबू तरीही संपला असता, आणि गुरं चारणाऱ्या माणसाचं कुणी ऐकलं नसतं, कारण तो त्या खोलीत नव्हता. आपल्याकडच्या काटांग बांबूची जाळीही तशीच काटेरी असते. तिच्याबद्दल गडचिरोलीतल्या कुरखेडा-कोरचीकडचा कापणारा माणूस काय सांगतो ते २५४ मुद्द्यांत उतरलं आहे का, हे त्या माणसाला विचारूनच कळेल.

गावांना हे जमणार नाही, असं म्हणणारे भेटतात. त्यांना ग्वाटेमालाचं पेतेन दाखवतो. १९९० मध्ये तिथे माया बायोस्फिअर राखीव क्षेत्र झालं. त्याच्या काही भागात जंगल चालवण्याचं काम सरकारने पुढे स्थानिक गावसंघटनांना पंचवीस वर्षांच्या कराराने दिलं, आणि अट घातली की ठरावीक मुदतीत एफएससीचं प्रमाणपत्र मिळवलंच पाहिजे. गावांनी ते मिळवलं. महोगनी ठरलेल्या प्रमाणात तोडली, शाते नावाच्या पामची पानं निर्यात केली, गावांचा मिळून अकोफोप नावाचा महासंघ बांधला. या गावांनी चालवलेल्या जंगलात तोड फारच कमी राहिली. शेजारच्या कडक संरक्षणातल्या राष्ट्रीय उद्यानात मात्र गुरांच्या कुरणांसाठी जंगल जळत गेलं. पण हेही सांगितलं पाहिजे की पेतेनमध्ये सुरुवातीचा खर्च गावांनी आपल्या खिशातून केला नव्हता, परदेशी मदत होती. कोरचीत ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा बांधली आहे. तिथवर आपण आलो आहोत. पुढचा खर्च कोण करणार, हे तुम्ही ठरवायचं आहे.

खर्चाचंच बोलू. लेखापरीक्षकाची फी ज्याची तपासणी करायची त्यानेच द्यायची, ही जगभरची रीत. यात दोन दोष आहेत. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो दारातच थांबतो, आणि ज्याच्याकडे आहेत त्याला नापास करायला परीक्षक कचरतो, कारण पुढच्या वर्षीचं काम त्याच्याकडूनच मिळणार असतं. तुमच्या योजनेत लेखापरीक्षण करणाऱ्या संस्थांना मान्यता देण्याचं काम भारतीय गुणवत्ता परिषदेच्या मंडळाकडे आहे, ते ठीक. पण फी एका सामाईक निधीतून जावी. तो निधी ज्यांना शिक्क्यामुळे परदेशी बाजार उघडणार आहे त्या निर्यातदारांकडून आणि कागद गिरण्यांकडून गोळा करावा. आणि कोणत्या जंगलात कोणता परीक्षक जाणार हे परिषदेने ठरवावं, गिऱ्हाइकाने नाही. मोठे निर्यातदार याला नाराज होतील. त्यांची खुर्ची परिषदेत आहेच, ते आपलं म्हणणं मांडतील.

आता माझ्या रोजच्या ओळखीचा माणूस, धुऱ्यावर सागवान असलेला कास्तकार. आर्वी, आष्टी, कारंजाकडे, सेलूत बोर व्याघ्र प्रकल्पाच्या कडेने, बापजाद्यांनी राखलेली सागवानं अजून धुऱ्यांवर आहेत. पोरीचं लग्न, दवाखाना किंवा कपाशीचं वर्ष बुडालं की झाड विकायला काढतात. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत सोळा झाडं आहेत आणि सागवान त्यात आहे. म्हणजे परवानगी हवी. सातबाऱ्यावर झाडांची नोंद हवी. ती बहुधा नसते किंवा जुनी असते. मग तलाठी, मोजणी, वनखात्याची पाहणी, तोड, तोडलेल्या ओंडक्यांवर हातोड्याचा शिक्का, मग टीपी. एवढं कोण करतो? कास्तकार उभं झाड ठेकेदाराला विकून मोकळा होतो. कागदाचं काम ठेकेदार करतो आणि झाडाच्या किमतीचा मोठा भाग त्या कागदाच्या कामातच जिरतो. वर्कशॉपमध्ये माल येतो तेव्हा मला ठेकेदाराचं नाव माहीत असतं, कास्तकाराचं नसतं.

यावर तुमचं जंगलाबाहेरच्या झाडांचं मानक आणखी एक कागद घेऊन येत आहे. तो वेगळा ठेवलात तर तोही ठेकेदारच भरेल. पण टीपीच्या अर्जात गट नंबर असतो, मालकाचं नाव असतं, झाडाची जात आणि संख्या असते. तुमची योजना जाहीर झाली त्याच डिसेंबरमध्ये देशभरासाठी एकच ऑनलाइन वाहतूक परवाना प्रणालीही सुरू झाली. प्रमाणपत्राला लागणारी अर्धी माहिती त्या प्रणालीत आधीच आहे. युरोपच्या कायद्यात चार हेक्टरांपेक्षा लहान तुकड्यासाठी एकच अक्षांश-रेखांश बिंदू पुरतो, आणि आमच्या बहुतेक कास्तकारांचं वावर त्याहून लहान. तो बिंदू टीपीवर छापता येईल. राहिला प्रश्न टिकाऊपणाचा, तर सागवान तोडलं की बुंध्यातून फुटवा येतो. तो फुटवा राखला की नाही हे दोन वर्षांनी जाऊन बघणं ग्रामसेवकाच्या किंवा कृषी सहायकाच्या आवाक्यातलं काम आहे. गावागावांचे गट करून एकच प्रमाणपत्र काढा. शेवटच्या टोकाला आरा मशीन आणि माझ्यासारखं वर्कशॉप आहे. साखळीतली एक कडी बिनशिक्क्याची असेल तर मागचा सगळा शिक्का वाया जातो, म्हणून आमच्यासाठीही गटाचा मार्ग हवा. नाही तर सर्टिफाइड सागवान फक्त जोधपूर-सहारनपूरच्या मोठ्या कारखान्यांना परवडेल, आणि सिंदीत घानाच राहील.

अजून एक गोष्ट, आणि ही तुमच्या परिषदेतल्या एका सदस्य गटाला टोचणारी. वन विकास महामंडळं परिषदेत आहेत. आमचं महाराष्ट्राचं महामंडळ १९७४ पासूनचं, मुख्यालय नागपूर. मिश्र जंगल साफ तोडून त्या जागी सागवान लावण्याच्या त्याच्या पद्धतीवर गडचिरोली-चंद्रपूरच्या गावांनी अनेकदा हरकत घेतली आहे. ऐन, बीजा, धावडा, चार, मोह गेले की त्यांच्याबरोबर मोहफुलं, चारोळी, तेंदूची फळं आणि गुरांचं गवतही जातं. उरते ती सरळ रांगेतली सागवानं. एफएससीने बराच काळ नियम ठेवला की नोव्हेंबर १९९४ नंतर नैसर्गिक जंगल बदलून केलेल्या लागवडीला प्रमाणपत्र नाही. आता ती तारीख २०२० च्या अखेरीपर्यंत आली आहे, पण त्यासोबत झालेलं नुकसान भरून देण्याची अट आहे. तुमच्या योजनेची तारीख कोणती? महामंडळाच्या कोणत्या लागवडीला शिक्का मिळेल आणि कोणत्या नाही? हे परिषदेने जाहीर सांगावं. महामंडळाचं लाकूड वाईट नाही, हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान बल्लारपूरहून गेलं आणि दिल्लीच्या नव्या संसदेतही महाराष्ट्रातलं सागवान लागलं. त्या दोन्ही वेळी नाव पुरलं. परदेशी बाजारात नाव पुरत नाही, आणि ज्या गावाच्या मोहाच्या जागी ते सागवान उभं राहिलं त्या गावात तर अजिबात पुरत नाही.

म्हणून माझं मागणं परिषदेत किमान दोन खुर्च्यांचं आहे. एक सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांच्या प्रतिनिधीची, आणि ती व्यक्ती ग्रामसभांच्या महासंघांनी निवडलेली असावी, कुठल्या खात्याने नेमलेली नाही. दुसरी लाकूड-बांबूवर हाताने काम करणाऱ्यांची. पहिल्या खुर्चीवर बाई बसली तर उत्तम, कारण मोह वेचणं आणि पानं तोडणं ही कामं बहुतेक बायकाच करतात आणि जंगल बिघडलं की पहिल्यांदा त्यांच्याच लक्षात येतं. त्याशिवाय ग्रामसभेने वनहक्क कायद्याखाली केलेला आराखडा कार्य आयोजनेच्या बरोबरीचा मानला जावा. आणि प्रत्येक लेखापरीक्षणाचा अहवाल त्या गावात मराठीत, जिथे गोंडी बोलतात तिथे गोंडीत, ग्रामसभेपुढे वाचला जावा. तो गावाला पटला नाही तर गावाची हरकत अहवालाला जोडूनच छापली जावी.

परिषदेची एक बैठक दिल्ली-भोपाळ सोडून धानोरा किंवा कोरचीला घ्या. दिल्लीहून येणाऱ्या गाड्या सेवाग्रामला थांबतात, वाटेत मगनवाडी आणि मगन संग्रहालय बघता येईल, पुढे रस्त्याचा प्रवास आहे. तारीख मात्र आधी ग्रामसभांना विचारून ठरवा. मार्च-एप्रिलमध्ये मोह असतो आणि मेमध्ये तेंदू. त्या दिवसांत सकाळी गावात भेटायला कुणी नसतं.

कळावे,
सिंदी (मेघे), जि. वर्धा येथील एक फर्निचरवाला